पाणीपाळीची वही

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. भांडुप-मुलुंडकडचे असाल तर नक्की वाचा, कारण शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं आहे.

ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझ्यापेक्षा १३ वर्षांनी लहान होता. २७व्या वर्षी गेला. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या आईने सांगितलंय, "भाऊ, कामाचं लिहा, नावाचं बॅनर नको." आपल्याकडे माणूस गेला की आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागतो आणि पंधराव्या दिवशी त्याच फ्लेक्सने कुणाच्या तरी पडवीवर पावसाळी छप्पर होतं. माउलीला ते नको होतं. म्हणून इथे त्याला नुसतं 'दादा' म्हणतो. पोरं त्याला दादाच म्हणायची. मी म्हणायचो मास्तर, सुरुवातीला चेष्टेने, नंतर मनापासून. तो मला म्हणायचा, "ओ पत्रकार."

मी मूळचा चिपळूणचा. पत्रकारितेचा डिप्लोमा केला, गावच्या साप्ताहिकात उमेदवारी केली आणि पोटासाठी इकडे आलो. गेली बरीच वर्षं उपनगरातल्या छोट्या पेपरांसाठी लिहितोय. म्हणजे गटार, पाणी, रस्ता, शाळा, फेरीवाले, गणपती. मोठ्या पेपरात ज्याच्या दोन ओळी येतात, त्याच्या आम्ही वीस ओळी करतो. २०१३ च्या पावसाळ्यात मी अशीच एक बातमी करायला भांडुप पश्चिमेच्या डोंगरउतारावर गेलो होतो. बातमी राडारोड्याची होती. तिथे एका संरक्षक भिंतीच्या आत, लोकांनी कचरा टाकून टाकून उकिरडा केलेल्या पट्टीत एक पोरगा सात-आठ मुलांना घेऊन विटांचे तुकडे वेचत होता. मी विचारलं, काय करताय? म्हणाला, "शेती." मी हसलो. त्याला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाला, "हसा. पण घमेलं उचलता उचलता हसा."

अशी ओळख झाली.

दादा दहावीला गणित आणि इंग्रजीत नापास झालेला. वडील रिक्षा चालवायचे, आई चार घरची कामं करायची. नापास झाल्यावर दोन वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर काढली. मग कुणीतरी त्याला पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा पत्ता दिला. पाबळचा विज्ञान आश्रम. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, पण त्या आश्रमाचं आपल्या उपनगराशी जुनं नातं आहे. आश्रम काढणारे डॉ. श्रीनाथ कलबाग हे अंधेरीच्या हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठे शास्त्रज्ञ होते. परदेशात शिकलेला, उत्तम नोकरी असलेला हा माणूस १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या त्या दुष्काळी गावात बिऱ्हाड घेऊन गेला आणि शाळेतून गळलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवू लागला. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, रक्तगट तपासणं, सगळं. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आजही चालतो. कलबाग सर २००३ मध्ये गेले. दादा तिथे पोचला तोपर्यंत सर जाऊन काही वर्षं झाली होती. तरी तो त्यांच्याबद्दल असं बोलायचा, जणू काल संध्याकाळी भेटून आलाय.

एकदा मी त्याला विचारलं, तिथे नक्की काय शिकलास? मला वाटलं, सांगेल ठिबक सिंचन, कोंबड्या वगैरे. तो म्हणाला, "नापास हा शब्द नसलेली जागा असते, ते शिकलो."

पाबळहून आलेली बहुतेक मुलं गावात वर्कशॉप काढतात, पोल्ट्री काढतात. याला गाव नव्हतं. आजोबांनीच साताऱ्याकडची जमीन सोडून मुंबई गाठलेली. मग याने ठरवलं, आपलं गाव म्हणजे हा डोंगर. डोंगरावरची पोरं संध्याकाळी काय करतात, हे त्याला चांगलं माहीत होतं. तोही तेच करून मोठा झाला होता. कट्ट्यावर बसायचं, मोबाइलमध्ये बघायचं, भाईंच्या मागे फिरायचं, दहीहंडीला थरात उभं राहायचं. "यांना काम नको असं नाही," तो म्हणायचा, "यांच्यावाचून कुणाचं अडत नाही, हा यांचा प्रॉब्लेम आहे." मला वाटतं, त्याचं सगळं काम या एका वाक्यात होतं.

आता शेतीचं सांगतो. पट्टी दीड गुंठ्याची, म्हणजे १,६३० चौरस फुटांच्या आसपास. माती जवळजवळ नाहीच. खाली मुरूम, वर डेब्रिज. विकतची लाल माती आणायला पैसे नव्हते. दादा म्हणाला, माती विकत घ्यायची नसते, बनवायची असते. मुंबईत हे आधी झालं होतं आणि त्याने ते नीट बघून ठेवलं होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील या तिथल्या केटरिंग अधिकारी बाईंनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून भाज्या आणि फळझाडं वाढवली. त्या स्वयंपाकघरात रोज सुमारे ३ हजार कामगारांचं जेवण व्हायचं. म्हणजे कचऱ्याला तोटा नव्हता. त्यामागचा विचार श्रीपाद दाभोलकरांचा. हे कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक. प्रयोग परिवार नावाने त्यांनी शेतकऱ्यांची अशी मंडळं उभी केली, जिथे शेतकरीच प्रयोग करतो, शेतकरीच मोजतो आणि शेजारच्या शेतकऱ्याला सांगतो. सांगली-तासगावच्या द्राक्षवाल्यांना विचारा, जुनी माणसं अजून त्यांचं नाव काढतात. दाभोलकर २००१ मध्ये गेले. दहावीच्या गणितात गटांगळी खाल्लेला हा पोरगा एका गणिताच्या मास्तरचा शिष्य म्हणवून घ्यायचा, याची त्यालाच गंमत वाटायची.

तर माती. नाक्यावरच्या रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं, बागेतला झाडलेला पाला, भाजीवाल्या मावशींकडची उरलेली पानं, चाळीतला ओला कचरा. तबेल्यातून शेण. १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ आणि १० लिटर पाणी. हे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून पाल्यावर शिंपडायचं. याला अमृतजल म्हणतात. पोरांनी त्याला 'डेंजर कोल्ड्रिंक' नाव ठेवलं. पहिले चार महिने पट्टीत काहीच उगवलं नाही, फक्त वास आला. आजूबाजूच्या लोकांनी शिव्या घातल्या. पहिले मुळे आले ते करंगळीएवढे. लाल माठ मात्र असा आला की ज्या बायका शिव्या घालत होत्या त्याच जुडी मागायला आल्या.

भाजी हे दादाच्या लेखी निमित्त होतं. त्याचा खरा माल होता एक वही. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची, किराणावाला उधारीला ठेवतो तशी. वरती लिहिलं होतं 'पाणीपाळी'. कालव्यावरच्या शेतकऱ्यांना हा शब्द ठाऊक आहे. कालव्याचं पाणी ज्याला ज्या दिवशी मिळतं ती त्याची पाळी. इथे कालवा नव्हता, एक ड्रम होता. १४ मुलं, आठवड्याचे ७ दिवस, रोज दोघं. ज्याची पाळी त्याने पाणी घालायचं, अमृतजल ढवळायचं, किडकी पानं काढायची आणि वहीत सही करायची. सहीशेजारी एक ओळ लिहायची, आज काय दिसलं. बस्स. 'वांग्याला मावा आलाय.' 'दुधीला पहिलं फूल, पण नर.' 'मांजरीने वाफ्यात पिल्लं घातली, हलवली नाहीत.' मी अनेक कार्यालयांचे अहवाल वाचलेत, अजूनही वाचतो. या वहीइतका प्रामाणिक अहवाल कुठे वाचला नाही.

वाटपाचा नियम त्याहून मजेशीर होता. भाजी निघाली की वाटणी लागवडीवर नाही, पाळीवर. कुणी वाफा तयार केला, कुणी बी आणलं, याला किंमत नाही. महिन्यात किती पाळ्या भरल्या तेवढ्या जुड्या. सुरुवातीला मोठी पोरं भांडली. ज्यांनी खड्डे खणले त्यांना वाटायचं आमचा हक्क जास्त. दादा म्हणाला, "खड्डा एकदाच खणायचा असतो, त्याला टाळ्या मिळतात. पाणी रोज लागतं, त्याला कोण विचारतं? इथे त्याला विचारणार."

एकदा पाच-सहा दुधी रात्रीत गायब झाले. कुणी नेले ते सगळ्यांना माहीत होतं, वरच्या गल्लीतली तीन पोरं. आमचे वीर हाणामारीच्या तयारीत. दादाने दुसऱ्या दिवशी त्या तिघांच्या घरी जाऊन सांगितलं, दुधी खाल्लेत ना, मग शनिवार-रविवारची पाळी तुमची. पुढच्या आठवड्यात त्यातले दोघं आले. तिसरा आला नाही. दादाने पुन्हा विचारलंही नाही. त्या दोघांपैकी एक आज नळ दुरुस्तीची कामं करतो आणि पट्टीवरचा ड्रम, पाइप, कॉक हे सगळं फुकट सांभाळतो.

मुलींचं वेगळं होतं. संध्याकाळी मुलांबरोबर मातीत काम करायचं म्हटल्यावर घरून नाही येणार, हे उघड होतं. दादाने वाद घातला नाही. सकाळची ६ ते ७ ही वेळ मुलींची केली आणि किल्ली त्यांच्याकडे दिली. एक साधं कुलूप, पण त्याची किल्ली १३-१४ वर्षांच्या मुलींकडे. त्यांच्यातली एक आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात शिकतेय. ती मला म्हणाली होती, "काका, आमच्या घरातल्या कपाटाची किल्लीसुद्धा कधी माझ्याकडे नव्हती."

तो देव नव्हता. भयंकर तापट. कुणी उशिरा आलं की पाणउतारा करायचा. गच्चीत चार कुंड्या लावून इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्यांची टिंगल करायचा, जी मला पटायची नाही, कारण त्यातलेच काही लोक आम्हाला बी आणि रोपं द्यायचे. पैशाचा हिशोब कधी धड ठेवला नाही. आणि स्वतःच्या तब्येतीची त्याला अजिबात पर्वा नव्हती. पायात स्लिपर, तीही अर्धा वेळ काढलेली. आई ओरडायची. तो हसायचा.

मी त्याच्याकडून काय शिकलो? पालक पेरायला शिकलो, ते आहेच. पण मुख्य शिकलो ते माझ्या धंद्यातलं. एक जुलैला एक वृक्षारोपणाची बातमी लागली होती. पाहुणे, हातात फावडं, समोर रोप, मागे दहा माणसं. तो फोटो दादाने माझ्यासमोर धरला. म्हणाला, "ओ पत्रकार, पेपरवाले झाड लावताना छापतात. ते जगलं की नाही, हे कोण छापणार?" राज्यात त्या वर्षांत वृक्षलागवडीचे आकडे दरवर्षी फुगत होते. २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. आकडे लागवडीचे होते. मी तेव्हापासून एक नियम केला. उद्घाटनाची प्रत्येक बातमी डायरीत लिहायची, तीन महिन्यांनी त्या जागी जायचं. बालवाडी, व्यायामशाळा, वाचनालय, सार्वजनिक शौचालय, काहीही असो. तुमच्यापैकी जे माझं 'तीन महिन्यांनी' सदर वाचता त्यांना सांगतो, ते सदर माझं नाही. त्याचं आहे.

पाण्याचंही त्यानेच दाखवलं. भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र आशियातल्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक. मुंबईला रोज जवळपास ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं, त्यातलं बहुतेक इथूनच शुद्ध होऊन जातं. आणि त्याच्या शेजारच्या डोंगरावर बायका हंडे घेऊन उतरतात, चढतात. अशा ठिकाणी भाजीला पाणी घालतो म्हटल्यावर लोक चिडणारच. दादाने नियम केला, नळाचं पाणी वाफ्यात जाणार नाही. भांडी विसळलेलं पाणी, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, बादली बादली करून चाळीतून यायचं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी ड्रममध्ये. एप्रिल-मे महिन्यांत फक्त अळू, शेवगा आणि आच्छादन, बाकी सुट्टी. "जमीन पण सुट्टीवर जाते," तो म्हणायचा, "आपल्यालाच सुट्टी घेता येत नाही."

आणि त्या सुट्टीत तो पोरांना घेऊन बाजारात जायचा. पावसाच्या तोंडावर आपल्या स्टेशनांबाहेर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात, पाऊस लागला की टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. आपण ते घेतो, 'रानभाजी' म्हणून फोटो टाकतो. तो पोरांना त्यांच्यासमोर बसवायचा आणि विचारायला लावायचा, ही कुठे उगवते, कशी तोडायची, खाज येऊ नये म्हणून काय करायचं. आरे कॉलनीत २७ आदिवासी पाडे आहेत. मुंबईत शेती करणारी माणसं शोधायला पाबळला किंवा परदेशात जावं लागत नाही, ती आपल्याआधीपासून इथेच आहेत, हे त्याला पोरांच्या डोक्यात घालायचं होतं. आरेतली झाडं ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात तोडली तेव्हा आमची पोरं रडली. तेव्हा दादा नव्हता.

जुलै २०१९. २ जुलैचा पाऊस तुम्हाला आठवत असेल. सांताक्रूझला २४ तासांत ३७५ मिलिमीटर. मालाडला भिंत कोसळून कितीतरी माणसं गेली. आमच्याकडेही डोंगरावरून लोंढा आला. आमची संरक्षक भिंत टिकली, पण खालच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. दादा दोन दिवस त्या पाण्यात होता. म्हाताऱ्यांना बाहेर काढ, सिलिंडर उचल, तुंबलेल्या गटारावरची झाकणं काढ. पायाला विटेने कापलेलं, त्यावर फडकं बांधलेलं. आठवड्याने ताप आला. सगळ्यांनाच ताप होता त्या दिवसांत. त्याने मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, अंगावर काढला. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा हॉस्पिटलात नेलं. लेप्टो. किडन्या बसल्या होत्या. पाचव्या दिवशी गेला.

लेप्टोस्पायरोसिसचं इथे मुद्दाम लिहितो, कारण दर पावसाळ्यात हे होतं आणि दर पावसाळ्यात आपण विसरतो. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मुतातून हा जंतू साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या छोट्याशा जखमेतून शरीरात शिरतो. तुंबलेल्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यायची, असं पालिका दरवर्षी सांगते. पालिकेच्या दवाखान्यात ती मिळते. काही रुपयांची गोष्ट. ही पोस्ट वाचून येत्या पावसाळ्यात एका जरी घरात ती गोळी वेळेवर घेतली गेली, तरी लिहिण्याचं सार्थक झालं.

तो गेल्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं की पट्टी संपली. मीही तसंच धरलं होतं. एका माणसाच्या जोरावर चाललेल्या किती गोष्टी मी बंद पडताना पाहिल्यात. तेराव्यानंतर मी तिकडे गेलो, म्हटलं निदान अवजारं त्याच्या आईकडे पोचवावीत. वही खिळ्याला टांगलेली होती. उघडून बघितली. तो हॉस्पिटलात होता त्या पाच दिवसांच्या सह्या होत्या. तो गेला त्या दिवशीची ओळ होती, 'दादा गेला. भेंडीला पाणी दिलं.' एका नववीतल्या मुलाचं अक्षर. त्यानंतरच्याही प्रत्येक दिवसाच्या दोन-दोन सह्या होत्या.

मी तिथेच बसलो. अवजारं जागच्या जागी राहिली.

पुढे मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. भाजी मिळेना, मिळाली तर परवडेना, अनेकांचे रोजगार बंद. पट्टीने डोंगराचं पोट भरलं असं म्हणणं खोटं होईल, दीड गुंठ्यात ते होत नाही. पण भिंतीलगतच्या चाळीतल्या पोरांनी पाळी वाटून घेतली आणि २५-३० दिवसांत येणारा माठ, मेथी लावत राहिली. ज्या घरात आजारी माणूस, त्या दारात एक जुडी. तेव्हाच्या दिवसांत कुणीतरी दारात काही ठेवून जातंय, याचं मोल भाजीपेक्षा जास्त होतं. सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये कोसळलं आणि क्युबाचं तेल-खत बंद झालं, तेव्हा हवानाच्या लोकांनी शहरातल्या पडीक जागांत वाफे घातले होते. दादा ती गोष्ट पोरांना सांगायचा. आमच्या डोंगरावर हवाना होईल असं त्याला कधी वाटलं नसेल.

त्याच्या मृत्यूनंतर एक नवा नियम मात्र आला. पोरांनी वर्गणी काढून चार जोड गमबूट घेतले. पावसाळ्यात बूट घातल्याशिवाय पट्टीत पाय ठेवायचा नाही. वहीत सहीशेजारी एक नवीन रकाना आहे, 'बूट'. त्यात बरोबरची खूण करावी लागते.

आता मुद्द्याचं. महिनाभरापूर्वी दोन माणसं टेप घेऊन पट्टी मोजून गेली. चौकशी केली तेव्हा समजलं, सुशोभीकरणाचा प्रस्ताव आहे. पेव्हर ब्लॉक, दोन बाकडी, रंगीत दिवे आणि इंग्रजी अक्षरांत 'आय लव्ह भांडुप' लिहिलेला सेल्फी पॉइंट. निधी कुणाचा, कल्पना कुणाची, यात मी आज जात नाही. हेतू वाईट आहे असंही म्हणत नाही. वरून बघणाऱ्याला ती जागा ओबडधोबडच दिसते. चिपाडं, ड्रम, काठ्या, जुन्या साड्यांचं कुंपण. कागदावर तर ती 'रिकामी जागा' आहे. पोरांकडे ना भाडेपट्टा, ना परवानगी, ना नोंदणीकृत संस्था. त्यांच्याकडे आहेत फक्त वह्या. आजवर त्या नऊ झाल्यात.

जागेची मारामार काय असते ते आपल्याला कुणी सांगायला नको. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड १९६७ ला सुरू झालं, १ ऑक्टोबर २०१८ ला बंद झालं. २४ हेक्टरवर सुमारे ७० लाख टन कचरा साठला होता. त्यातला मोठा हिस्सा ओला कचरा, म्हणजे जी माती होऊ शकली असती ती आपण डोंगर करून ठेवली. २०१७ मध्ये पालिकेनेच मोठ्या सोसायट्यांना सांगितलं, ओला कचरा तुमच्या आवारात जिरवा. मग जी पोरं हे २०१३ पासून बिनपगारी करतायत, त्यांच्या डोक्यावर पेव्हर ब्लॉक का? इकडे कांजूर-भांडुप-मुलुंडची २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचा निर्णय २०२४ मध्ये होतो. एवढी मोठी जमीन एका निर्णयात हलते. त्या निर्णयावर तुमचं-माझं मत काहीही असो, दीड गुंठ्याला कागदावर एक ओळ मिळू नये?

म्हणून मागणं आहे. तीनच गोष्टी.

एक, सुशोभीकरण करायचंच असेल तर बाकडी ठेवा, दिवे लावा, पण वाफ्यांवर ब्लॉक टाकू नका. माती एकदा झाकली की गेली. ती तयार व्हायला या पोरांना तीन वर्षं लागली होती.

दोन, तुमच्यात कुणी वकील, आर्किटेक्ट, पालिकेच्या उद्यान किंवा मालमत्ता खात्यातून निवृत्त झालेलं असेल, तर मला मेसेज करा. अशी जागा तरुणांच्या गटाला देखभालीसाठी लेखी कशी मिळू शकते, अर्ज कसा करायचा, हे आम्हाला नीट समजावून द्या. पोरं वह्या घेऊन येतील. एक दिवसही खाडा नाही, हे कुठल्या ठेकेदाराला दाखवता येईल?

तीन, हे फक्त भांडुपचं नाही. घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, तुमच्या वॉर्डात अशी एखादी पट्टी असेल. शाळेमागे, पंपहाउसशेजारी, पुलाखाली. प्रत्येक वॉर्डात एक अशी जागा १४ ते २५ वयाच्या मुलांना द्या, एवढीच मागणी आपण सगळे मिळून करू शकतो. बाग आपल्याकडे आहेत. त्यांना कुंपण आहे, वेळ आहे, 'फुले तोडू नयेत' अशी पाटी आहे. पण जिथे १५ वर्षांच्या मुलाला कुणी सांगेल की उद्या तू आला नाहीस तर हे सुकेल, अशी जागा या शहरात सापडत नाही. मग तो जिथे त्याची गरज आहे असं वाटतं तिथे जातो, आणि तिथे कोण उभं असतं ते आपल्याला माहीत आहे.

दादाने काही मोठं उभारलं नाही. संस्था नाही, ट्रस्ट नाही, पुरस्कार नाही. नापास ठरलेल्या एका मुलाने नापास ठरू शकणाऱ्या मुलांना सांगितलं की तुमच्यावाचून अडतं. आणि मग त्यांच्यावाचून खरंच अडेल अशी व्यवस्था करून दाखवली. त्याच्यावाचून मात्र काही अडणार नाही, याचीही व्यवस्था तोच करून गेला. मला हे त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. आमच्या पिढीला ते जमलं नाही. आम्ही जिथे गेलो तिथे स्वतःला खिळ्यासारखं ठोकून घेतलं.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता पट्टीवर अर्जासाठी सह्या घ्यायला बसतोय. पत्ता हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये विचारा. येताना ओळखपत्राची झेरॉक्स आणा आणि घरातला सुका पाला असेल तर तोही. पाऊस असेल तर बूट घालून या. चार जोड आहेत, पण ते पाळीवाल्यांचे आहेत.